तपासले व योग्य आढळले

मनगटावरचा फिटनेस बँड खोटं बोलतो हे काटेसाहेबांच्या लक्षात आलं ते एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, आणि त्या वेळी ते खुर्चीत बसलेले होते. सकाळी दहापासून ते एकदाही उठले नव्हते. समोर दुकानदारांच्या वजनकाट्यांच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता आणि त्यावर ते एकामागून एक शिक्के मारत होते. तेवढ्यात बँड थरथरला. त्याच्या इवल्याशा पडद्यावर रंगीबेरंगी ठिपके उडाले आणि खाली अक्षरं उमटली : 'शाब्बास. आजची सहा हजार पावलं पूर्ण.'

काटेसाहेबांनी आधी बँडकडे पाहिलं, मग टेबलाखाली पायांकडे पाहिलं. पाय सकाळी ठेवले होते तिथेच होते.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव सर्व्हिसबुकात सुरक्षित आहे. वजनमाप खात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर आणि एका मिठाईवाल्याचा काटा अवघ्या तीन ग्रॅमसाठी जप्त केल्यावर लोकांनी त्यांना हे नाव दिलं, आणि त्यांनाही ते मनातून आवडत होतं. माणूस काटेकोर, दाढीसुद्धा दोन्ही गालांवर सारखी करणारा. अशा माणसाच्या हातावर खोटं माप असावं, हे म्हणजे हवालदाराच्या घरातून चोरीचा माल निघण्यासारखं होतं.

पण काटेसाहेब घाईनं कोणाला दोषी ठरवत नसत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बँडवरचा आकडा लक्षात ठेवला आणि एक कोरा कागद घेऊन त्यावर दहा शिक्के मारले. एक ठोका शाईच्या पॅडवर, एक कागदावर. आकडा विसांनी वाढला. पुन्हा दहा मारले, पुन्हा वीस. बँड तसा अगदी नेमका होता. फक्त तो पावलं मोजत नव्हता, शिक्के मोजत होता.

आता एखादा म्हणेल, त्यात काय एवढं, स्वस्तातली वस्तू, द्यावी टाकून. पण अडचण काटेसाहेबांच्या बुडाखाली होती. ज्या खुर्चीत ते बसले होते, ती त्यांना चारच दिवसांपूर्वी बक्षीस मिळाली होती, आणि तीसुद्धा चालण्याबद्दल.

झालं होतं असं की, कर्मचारी फार बसून असतात अशी काळजी मुख्य कार्यालयाला वाटली आणि तसं परिपत्रक निघालं. तीन महिने सर्वांनी पावलं मोजावीत, दर शनिवारी आकडे द्यावेत, यादी फलकावर लागेल, सर्वांत जास्त चालणाऱ्याला बक्षीस. काटेसाहेबांनी त्यासाठी दुकानातला सगळ्यांत स्वस्त बँड घेतला. आतलं मशीन सगळ्यांचं सारखंच असतं, बाकीचे नुसत्या नावाचे पैसे घेतात, असं दुकानदार म्हणाला, आणि आयुष्यभर दुकानदारांवर संशय घेण्यात घालवलेल्या काटेसाहेबांनी नेमक्या त्याच दिवशी एका दुकानदारावर विश्वास ठेवला.

पहिल्याच शनिवारी ते यादीत पहिले आले. त्यांनाही जरा नवल वाटलं. पण माणसाला स्वतःबद्दल चांगलं काही कळलं तर तो फारशी चौकशी करत नाही. आपण पाण्याच्या कूलरपर्यंत जातो, मग परत येतो, मोठ्या बाईंच्या, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुखांच्या, केबिनपर्यंत जातो, असं सगळं धरलं तर होत असतील, असा हिशोब त्यांनी मनाशी जुळवून टाकला. पुढचे अकरा शनिवार ते पहिलेच राहिले. घरीदारी चालण्याचे फायदे सांगू लागले. जिना चढताना धाप लागली तर ती जास्त व्यायामामुळे लागते, असंही त्यांनी बायकोला समजावलं.

दुसरा नंबर मात्र दर शनिवारी टपालबाईंचा. या बाई तिसऱ्या मजल्यावरच्या टपाल शाखेत होत्या. सकाळ-संध्याकाळ तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, प्रत्येक टेबलापाशी जाऊन कागद द्यायचे आणि गोळा करायचे हे त्यांचं काम. लिफ्ट बंद पडून दोन वर्षं झाली होती. बाईंकडे बँड नव्हता, पदराआड कमरेला खोचलेला जुना फोनच त्यांची पावलं मोजायचा. एकदा कागद देता देता त्यांनी काटेसाहेबांना विचारलं होतं की, तुम्ही नेमकं कधी चालता, मला कधी दिसत नाही. त्यावर, चालण्याचा गाजावाजा करायचा नसतो, असं उत्तर काटेसाहेबांनी दिलं होतं. सोमवारी त्या उत्तराची आठवण येऊन त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बक्षीस समारंभ दणक्यात झाला. चालण्याबद्दल बसायची खुर्ची का, असं कोणी विचारलं नाही, कारण खरेदी आधीच झालेली होती. खुर्ची उत्तम होती. पाठीला जाळी, हातांना गादी, पायांना चाकं. मोठ्या बाई भाषणात म्हणाल्या की मापाचा माणूस मापात पहिला आला. टाळ्यांच्या कडकडाटात टपालबाईंच्याही टाळ्या होत्या. त्या टाळ्याही काटेसाहेबांना आता आठवल्या.

खात्याच्या रिवाजाप्रमाणे आधी काटा ताब्यात घ्यायचा असतो, व्यापाऱ्याची जबानी मागाहून. काटेसाहेबांनी तोच क्रम स्वतःला लावला. आधी बँड बदलून घ्यावा, दोष कंपनीकडून लेखी मान्य करून घ्यावा, आणि मग तो कागद हातात धरून ताठ मानेनं सगळं सांगावं. वरकरणी हे मोठं शिस्तीचं दिसत होतं. खरं म्हणजे त्यांचा धीर होत नव्हता.

बँड बिघडला एवढंच त्यांनी शेजारी सांगितलं, आणि तेवढंही सांगायला नको होतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, हात लबाड असतो, बँड पायात बांधा. काटेसाहेबांनी तो घोट्यावर बांधला. तेव्हा त्यांना कळलं की काम करताना टेबलाखाली पाय हलवायची आपल्याला सवय आहे, कारण दुपारपर्यंत नऊ हजार झाले. शिवाय जामिनावरच्या आरोपीसारखा त्यांच्या पायातला पट्टा पाहून तळमजल्यावरच्या आजींनी त्यांच्या बायकोला हळूच विचारलं की, साहेबांना गावाबाहेर जायची परवानगी आहे ना.

समोरच्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या परिचारिका, म्हणाल्या की बँड डाव्या हातात हवा. डाव्या हातात बांधून काटेसाहेब इमारतीच्या व्हरांड्यात सहाशे पावलं मोजून चालले. त्यांना दोन्ही हात पाठीमागे धरून चालायची सवय, त्यामुळे बँडनं अकरा दाखवली. थोडक्यात, ते बसले की बँड चालायचा आणि ते चालले की बँड बसायचा. सिस्टरांनी मग त्यांचा रक्तदाब मोजला आणि बँडचं राहू द्या, आधी स्वतःला दाखवून या, असा सल्ला दिला.

दुकानदारानं वस्तू हातातही न घेता कंपनीच्या सेवा केंद्राचा पत्ता दिला आणि मूळ खोका लागेल असं बजावलं. खोक्यात बायकोनं शर्टांची सुटलेली बटणं ठेवली होती. तिनं ती एका वाटीत ओतून खोका दिला, पण देताना म्हणाली की बटणं मी मोजून ठेवली होती, ती तेवढीच आहेत, पावलांचा हिशोब तुमचा तुम्ही बघा. या बोलण्याचा रोख काटेसाहेबांना नीट कळला नाही, तरी लागला.

सेवा केंद्र बाजारातल्या एका इमारतीत, चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध होतं. काउंटरवर एक गंभीर चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यात तक्रारीचे प्रकार छापलेले होते : सुरू होत नाही, चार्ज होत नाही, पट्टा तुटला, पावलं कमी दाखवतो. काटेसाहेबांनी 'पावलं जास्त दाखवतो' हा रकाना शोधला. तो नव्हता.

"जास्त दाखवतो?" बाईंनी पुन्हा विचारलं. "मग तक्रार काय आहे?"

काटेसाहेबांनी खऱ्याखोट्या मापाबद्दल थोडक्यात सांगितलं. ते दहा मिनिटं चाललं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आजवर जास्त दाखवतो म्हणून बँड बदलून मागणारं कोणी आलेलं नाही, त्यामुळे तो प्रकार 'इतर'मध्ये जाईल, आणि 'इतर'वर तंत्रज्ञाचा शेरा लागतो, असं सांगितलं. तंत्रज्ञ आतून आले. चाळिशीचे, चष्मा कपाळावर ठेवलेले गृहस्थ. त्यांनी बँड हातात घातला, काउंटरपासून दारापर्यंत आणि परत अशी वीस पावलं चालले, हात मात्र संचलनात असल्यासारखे हलवत. बँडनं वीस दाखवली. त्यांनी फॉर्मवर 'दोष नाही' असं लिहिलं.

दोष बसल्यावर दिसतो, चालल्यावर नाही, असं काटेसाहेब म्हणाले. ते दाखवायला काय लागेल, असं तंत्रज्ञांनी विचारलं. काटेसाहेब म्हणाले, माझा शिक्का लागेल.

इथे त्यांच्या हातून सत्तावीस वर्षांत घडली नव्हती अशी गोष्ट घडली. दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर खात्याचा शिक्का आणि शाईचा पॅड त्यांनी डब्याच्या पिशवीत घातला आणि बाहेर नेला. शिक्का कार्यालयाबाहेर न्यायचा नसतो हा नियम त्यांनी स्वतः दोन नव्या कारकुनांना समजावून सांगितलेला होता. पण सत्य सिद्ध करायचं म्हटल्यावर थोडीफार सूट घ्यावी लागते, अशी समजूत घालत ते केंद्रावर पोचले.

काउंटरवर पॅड उघडला. तंत्रज्ञ पुढे वाकले, काउंटरवरच्या बाई उठून आल्या, चष्म्याच्या दुकानातलं एक गिऱ्हाईकही डोकावलं. आता कागद हवा. समोर जो कागद होता तो काटेसाहेबांनी ओढला आणि शिक्के मारायला सुरुवात केली. लोक पाहताहेत म्हटल्यावर हाताला एक लय आली. बँडचा आकडा भराभर वाढला. पाय जमिनीला खिळलेले आणि हातावर चाळीस पावलं. तंत्रज्ञांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि मान्य केलं की हो, हे जरा विचित्र आहे. काटेसाहेबांना बऱ्याच दिवसांनी छाती भरून आल्यासारखं वाटलं. कागद वर वरिष्ठांकडे पाठवतो, दोन दिवसांत कळवतो, असं तंत्रज्ञ म्हणाले.

दोन दिवसांनी काटेसाहेब गेले तर केंद्राच्या काचेच्या दारावर एक कागद आतून चिकटवलेला. ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी जवळ जाऊन वाचला. तो त्यांचाच तक्रारीचा फॉर्म होता. तंत्रज्ञांचं 'दोष नाही' तसंच होतं, आणि त्याच्याखाली, आडवे, तिरके, एकमेकांवर चढलेले, खात्याचे वीस शिक्के : 'तपासले व योग्य आढळले'. वर ठळक अक्षरांत केंद्रानं स्वतःची ओळ घातली होती : 'वजनमाप खात्यानेही मान्य केलेली अचूकता.'

काटेसाहेबांनी आत जाऊन हा गैरसमज आहे असं सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, शिक्का तुमचाच ना. ते म्हणाले, हो. खरा आहे ना. म्हणाले, हो. तुम्हीच मारला ना. म्हणाले, हो. वरिष्ठांनी शिक्के पाहून प्रकरण बंद केलं होतं. सरकारनं योग्य ठरवलेली वस्तू कंपनी सदोष कशी म्हणणार, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो काटेसाहेबांनाही पटण्यासारखा होता.

दाराचा फोटो कोणीतरी काढला. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या बाईंच्या टेबलावर होता, आणि त्याच्यासमोर काटेसाहेब.

मोठ्या बाई ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चहा मागवला, ते जास्त वाईट लक्षण होतं. शिक्का बाहेर कसा गेला, एवढंच त्यांनी विचारलं. आणि मग काटेसाहेबांना सगळं सांगावं लागलं, कारण शिक्का का नेला हे सांगायचं तर बँड आला, बँड आला की पावलं आली आणि पावलं आली की खुर्ची आलीच.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि चहाचा कप बाजूला सारला.

"याच्यात दोनच वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "बँड बरोबर असेल, तर तुम्ही कार्यालयाबाहेर एक तपासणी केलीत, त्याची नोंद मागाहून करता येईल. खुर्ची तुमचीच, यादी तशीच, मलाही वर काही कळवावं लागणार नाही. बँड चूक असेल, तर शिक्क्याचा गैरवापर झाला, बक्षीस चुकीच्या माणसाला गेलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. उद्या लेखी खुलासा द्या. काय लिहायचं ते तुमच्यावर."

बँड बरोबर आहे असं लिहायचं म्हटलं तर कागद तयारच होता, वीस शिक्क्यांनिशी. सेवा केंद्र खूश, मोठ्या बाई खूश, मुख्य कार्यालयाला पत्ताच नाही. काटेसाहेब त्या संध्याकाळी बस चुकवून घरी पायी आले. बँडनं त्याची दखल घेतली नाही.

बायको स्वयंपाकघरात शर्टाला बटण लावत बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाच थांबली, दोरा तोडायला.

"तुम्हाला आधी माहीत नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

"आणि आता माहीत आहे."

"आहे."

"मग त्या खुर्चीत बसवतंय का तुम्हाला?"

काटेसाहेबांनी विचार केला. सोमवारपासून ते त्या खुर्चीत टेकून बसले नव्हते, तिकीट नसलेला प्रवासी बसतो तसे कडेला बसत होते.

"नाही बसवत," ते म्हणाले.

"मग झालं तर," असं म्हणून तिनं सुईत नवा दोरा ओवला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा असा झटपट निकाल लागल्यामुळे काटेसाहेब थोडे नाराज झाले. निदान रात्रभर तळमळण्याइतका तरी तो प्रश्न मोठा आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी त्यांनी लिहून दिलं : 'सदर बँड खोटे माप दाखवतो. त्याच्या आधारे माझ्या नावे दाखवलेली पावले मी चाललेलो नाही. शिक्का मी बाहेर नेला ही माझी चूक आहे. त्यावरील मजकूर चुकीच्या वस्तूवर उमटला आहे, तो रद्द समजावा.' सही केली. शिक्का मारायला हात गेला, तो त्यांनी आवरला.

पुढचं भराभर झालं. काटेसाहेबांना लेखी समज मिळाली, ती त्यांच्या सर्व्हिसबुकाला लागली. सत्तावीस वर्षांत तिथे पहिल्यांदाच काहीतरी वाचण्यासारखं आलं. खात्यानं सेवा केंद्राला शिक्के रद्द केल्याचं पत्र पाठवलं. दारावरचा कागद निघाला आणि तिसऱ्या दिवशी कंपनीनं नवा बँड दिला. हेच पत्र पहिल्या दिवशी आणलं असतंत तर एवढा त्रास झाला नसता, असं काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

नवा बँड काटेसाहेबांनी हातात घातला आणि दिवसभर नेहमीसारखं काम केलं. संध्याकाळी त्यावर एक हजार तीनशे बारा पावलं होती. हाही बिघडलेलाच निघाला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी स्टेशनमास्तरांना सोबत घेऊन व्हरांड्यात पाचशे पावलं मोजली, हात मोकळे सोडून. बँडनं चारशे अठ्ठ्याण्णव दाखवली. उरलेली दोन मोजताना कोण चुकलं यावरून दोघांचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही, पण बँड खरा होता यात शंका राहिली नाही. स्पर्धा संपली तरी फलकावरची यादी चालूच होती. शनिवारी काटेसाहेबांनी आपला खरा आकडा स्वतः तिथे लिहिला. तो यादीत शेवटून दुसरा होता. शेवटचा आकडा दीड महिन्यापासून पायाला प्लास्टर घातलेल्या लेखापालांचा होता.

बक्षीस परत करायचा मात्र नियम नव्हता. मुख्य कार्यालयाची यादी छापून झाली होती, कागदोपत्री पहिले काटेसाहेबच राहणार होते. मोठ्या बाईंनी पुष्कळ पानं उलटून एवढीच वाट काढली की डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या वहीत, खुर्ची एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करता येते. पण ते टपालबाईंना सांगायचं काम तुमचं, असं त्या म्हणाल्या.

टपालबाईंपर्यंत जायचं म्हणजे तळमजल्यावरून तीन जिने. काटेसाहेब त्या मजल्यावर शेवटचे कधी गेले होते ते त्यांना आठवेना. वर पोचल्यावर बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांना टेबलाला धरून थोडा वेळ उभं राहावं लागलं. बाईंनी पाणी दिलं. बाईंच्या टेबलामागे लाकडी स्टूल होतं, आणि त्यावरही पाकिटांचा गठ्ठाच ठेवलेला होता.

काटेसाहेबांनी जे सांगायचं ते सांगितलं. पाठ करून आणलेली वाक्यं वाटेत विसरली होती, त्यामुळे ते लवकर संपलं.

बाई थोडा वेळ पाकिटं लावत राहिल्या.

"दुसरी आले त्याचं काही वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "पण मला वाटलं, मी दिवसभर जिने चढते-उतरते आणि बसून काम करणारा माणूस माझ्यापुढे जातो, म्हणजे माझंच मोजायचं चुकतंय. मी फोन दोनदा दुरुस्तीला दिला. दुकानदार म्हणाला, बाई, फोन चांगला आहे, तुम्हीच कमी चालत असाल. मग मी बसनं यायचं बंद केलं."

काटेसाहेबांनी तीन ग्रॅमसाठी माणसांना दंड केला होता. यासाठी काय दंड असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "चूक माझी होती. मी विचारायला हवं होतं, स्वतःलाच."

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी ते उगाच गोड करून सांगितलं नाही. मग पाकिटांना दोरी बांधत त्यांनी विचारलं, "खुर्चीला चाकं आहेत ना?"

आहेत, काटेसाहेब म्हणाले.

"मग द्या. बसायला मला वेळ नाही, पण प्रत्येक मजल्यावर टपाल ढकलत न्यायला बरी पडेल. हात भरून येतात."

खुर्ची वर न्यायची तर हमालासाठी अर्ज करावा लागणार, अर्जाला पंधरा दिवस लागणार. टपालबाईंनी पंधरा दिवस ऐकले आणि पदर खोचून सरळ जिना उतरायला लागल्या. खाली येऊन त्यांनी खुर्चीवर तळमजल्याचं टपाल रचलं आणि ती व्हरांड्यातून ढकलत निघाल्या. कारकुनांनी माना वर केल्या. पुढे टपाल, मागे बाई, त्यांच्यामागे काटेसाहेब, अशी ती वरात जिन्यापाशी येऊन थांबली. बाईंनी गठ्ठा काखेत मारला आणि एका हातानं खुर्चीचा एक हात धरला.

"ती बाजू तुम्ही धरा," त्या म्हणाल्या.

काटेसाहेबांनी धरली. पहिला जिना ठीक गेला. दुसऱ्यावर खुर्ची मधूनच गोल फिरायला लागली आणि तिचं एक चाक काटेसाहेबांच्या गुडघ्यावर आपटत राहिलं. तिसऱ्याच्या अर्ध्यावर ते थांबले. शर्ट पाठीला चिकटला होता, तोंडानं श्वास चालला होता. इथे क्षणभर खुर्चीतच बसता आलं असतं, पण ती जिन्यात उभी राहत नव्हती.

मागून एक कारकून फायली घेऊन चढत होता. त्यानं जाता जाता विचारलं की साहेब, आज किती झाली.

काटेसाहेबांना बँड पाहायचा तर हात सोडावा लागणार होता. त्यांनी टपालबाईंकडे पाहिलं.

"सोडू नका," बाई म्हणाल्या. "अजून अकरा पायऱ्या आहेत. रोज मोजते मी."